अ‍ॅक्सेसच्या फाईलला माणसागणिक कुलूप : मोंढ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, अडत दुकानांना हिशेबाचे प्रोग्राम करून देणं हा माझा धंदा. लातूर, परभणी, हिंगोलीकडे मी ज्यांचं काम बघतो, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे अजून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची जुनी एमडीबी फाईल चालू आहे. आवक, सौदा, तोलाई, हमाली, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद), उचल सगळं तिच्यातच. मूग-उडदाची आवक सुरू झाली की फोन वाजायला लागतात. सोयाबीन यायच्या आत पोरांना वेगवेगळे पासवर्ड करून द्या, असं प्रत्येकाचं म्हणणं असतं. प्रश्नही तेच ते, म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय.

खालचं बहुतेक सगळं अ‍ॅक्सेस २००० ते २००३ च्या एमडीबी फाईलबद्दल आहे. तुमची फाईल एसीसीडीबी (अ‍ॅक्सेस २००७ पासूनची नवी) असेल तर थेट शेवटून दुसऱ्या प्रश्नावर जा, मधलं वाचून डोकं शिणवू नका.

आमच्या फाईलला पासवर्ड आहेच. मग हे वेगळं काय?

तो डेटाबेसचा पासवर्ड. दुकानाच्या शटरची किल्ली म्हणा. शटर उघडलं की आत आलेला माणूस गल्ल्यालाही हात घालू शकतो आणि वहीलाही. मालक, मुनीम, काट्यावरचा पोरगा, सगळ्यांना एकच पासवर्ड माहीत असतो. कुणी काय केलं हे त्यावरून कधीच कळत नाही.

माणसागणिक कुलूप म्हणजे अ‍ॅक्सेसच्या भाषेत यूजर-लेव्हल सिक्युरिटी. तिच्यात प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळतो. कोणतं टेबल कुणी नुसतं बघायचं, कुणी त्यात भर घालायची, कुणी दुरुस्ती करायची, कुणी पुसायचं, हे वेगवेगळं ठरवता येतं.

ही नावं आणि पासवर्ड साठतात कुठे?

हे नीट समजून घ्या, पुढचे निम्मे घोळ इथूनच होतात. फाईल दोन असतात. नावं, पासवर्ड आणि कोण कोणत्या गटात आहे ही माहिती एमडीडब्ल्यू फाईलमध्ये, म्हणजे वर्कग्रुप फाईलमध्ये असते. कोणाला कशाची परवानगी आहे, ते मात्र तुमच्या हिशेबाच्या एमडीबीतच लिहिलेलं असतं. एमडीबी माणसाला नावाने ओळखत नाही, एका सांकेतिक खुणेने ओळखते. नाव आणि पर्सनल आयडी मिळून ती खूण तयार होते. हा पर्सनल आयडी ४ ते २० अक्षरांचा असतो, त्यात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो, आणि तो म्हणजे पासवर्ड नव्हे. पासवर्ड रोज बदला, खूण तीच राहते.

अ‍ॅडमिनला पासवर्ड दिला. आता उघडताना नाव-पासवर्ड विचारतंय. झालं ना काम?

नाही. दहातल्या आठ जणांनी एवढंच केलेलं असतं.

मी स्वतः पहिल्यांदा केलं तेव्हा हेच केलं होतं. एका अडत दुकानात बसून अ‍ॅडमिनला पासवर्ड लावला, मालकाला दोनदा उघडून दाखवलं, चहा घेतला आणि निघालो. चौथ्या दिवशी मुनीमजींचा फोन. ‘साहेब, पोरानं पेन ड्राईव्हमधून फाईल घरी नेली. तिथं तर पासवर्डच विचारंना.’ मी म्हटलं, असं होणारच नाही. जाऊन बघतो तर खरंच. त्यांच्या घरच्या कम्प्युटरवर डबल क्लिक केलं की फाईल उघडी, सगळ्या पट्ट्या समोर.

कारण साधं आहे, पण कळायला मला एक रात्र लागली. अ‍ॅक्सेस कुठेही टाकलं की सोबत त्याची एक कोरी एमडीडब्ल्यू येते. तिच्यात अ‍ॅडमिन नावाचा माणूस असतो, त्याला पासवर्ड नसतो. तुम्ही नाव न देता अ‍ॅक्सेस उघडता, तेव्हा ते गुपचूप तुम्हाला अ‍ॅडमिन म्हणून आत घेतं. आणि या अ‍ॅडमिनची सांकेतिक खूण जगातल्या प्रत्येक कम्प्युटरवर एकच असते. यूजर्स नावाच्या गटाचंही तसंच. म्हणजे तुम्ही तुमच्या दुकानातल्या एमडीडब्ल्यूमध्ये अ‍ॅडमिनला पासवर्ड दिला, पण फाईलची मालकी त्याच अ‍ॅडमिनकडे राहिली, तर दुसऱ्या कुठल्याही कम्प्युटरवरचा बिनपासवर्डचा अ‍ॅडमिन तिचा हक्काचा मालक ठरतो. कुलूप दुकानाला लावलं, दुकान मात्र गावातल्या सगळ्यांच्या नावावर.

अ‍ॅक्सेसमध्ये मालकाचे हक्क काढता येत नाहीत. परवानग्यांच्या खिडकीत त्याच्या नावापुढच्या सगळ्या खुणा काढल्या तरी तो त्या स्वतःला परत देऊ शकतो. म्हणून आधी मालकी बदलायची, पासवर्डचं नंतर.

मग बरोबर क्रम कोणता?

मूळ फाईलची एक प्रत वेगळ्या पेन ड्राईव्हवर घ्या आणि ती खिशात ठेवा. आता सुरू करू.

आधी नवी एमडीडब्ल्यू. अ‍ॅक्सेस २००२ आणि २००३ मध्ये टूल्स, सिक्युरिटी, वर्कग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असं जायचं. २००० मध्ये वर्कग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हा वेगळा प्रोग्राम असतो. तिथे नाव, संस्था आणि वर्कग्रुप आयडी अशा तीन गोष्टी विचारतात. त्या टाकण्याआधी कागदावर लिहा आणि कागदावर बघून टाका. कोणतं अक्षर मोठ्या लिपीत, कुठे मोकळी जागा, सगळं जसंच्या तसं. या कागदाचं काम पुढे येणार आहे.

मग अ‍ॅक्सेस उघडा. यूजर अँड ग्रुप अकाउंट्समध्ये मालकाच्या नावाचा नवा यूजर करा, त्याचा पर्सनल आयडीही त्याच कागदावर लिहा आणि त्याला अ‍ॅडमिन्स गटात घाला. शेवटी स ज्याला आहे तो अ‍ॅडमिन्स म्हणजे गट, आणि बिन-स चा अ‍ॅडमिन म्हणजे माणूस. या एका अक्षराने भल्याभल्यांना फसवलंय. आता अ‍ॅडमिन या माणसाला पासवर्ड द्या, म्हणजे पुढच्या वेळी नाव विचारलं जाईल.

अ‍ॅक्सेस पूर्ण बंद करा, परत उघडा, नव्या मालकाच्या नावाने आत या. त्याला पासवर्ड द्या. आता अ‍ॅडमिनला अ‍ॅडमिन्स गटातून काढा. यूजर्स गटातून तो काढता येत नाही, राहू द्या.

आता खरं काम. याच नव्या मालकाच्या नावाने कोरा डेटाबेस करा आणि जुन्या फाईलमधलं सगळं त्यात इम्पोर्ट करा. नुसती मालकी बदलायची खिडकी आहे, तिथून टेबलं-फॉर्मची मालकी बदलते, पण डेटाबेसची स्वतःची बदलत नाही. इम्पोर्ट करताना ऑप्शन्सचं बटण दाबून मेनू-टूलबार आणि इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या खुणा करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘आमचा मेनू कुठं गेला’ म्हणून फोन येतो.

नव्या फाईलमध्ये यूजर्स गटाला आपोआप भरपूर परवानग्या मिळालेल्या असतात. टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो आणि खुद्द डेटाबेस, प्रत्येक ठिकाणी जाऊन त्या काढा. यादीत ‘नवीन टेबल’, ‘नवीन क्वेरी’ अशाही ओळी असतात, त्या हमखास सुटतात. अ‍ॅडमिनच्या नावावर काही उरलं असेल तर तेही काढा. मग आपले गट करा, गटांना परवानग्या द्या, माणसं गटांत घाला. शेवटी एन्कोड करा, नाहीतर नोटपॅडसारख्या प्रोग्राममध्येही फाईलमधली नावं-गावं वाचता येतात.

झालं म्हणायच्या आधी फाईल दुसऱ्या कम्प्युटरवर न्या, जिथे तुमची एमडीडब्ल्यू नाही. डबल क्लिक करा. परवानगी नाही असं म्हणत ती उघडलीच नाही पाहिजे. उघडली तर कुठेतरी यूजर्स गट सुटलाय किंवा मालकी बदललेली नाही.

यासाठी विझार्ड आहे ना? मग एवढी उठाठेव कशाला?

आहे, आणि वाईट नाही. वरचं बहुतेक काम तो करतो, मूळ फाईलची बॅक-अप प्रत ठेवतो आणि शेवटी सगळ्या आयडींचा रिपोर्ट देतो. तो रिपोर्ट छापून ठेवा. पण विझार्डने काय केलं हे कळत नसेल, तर बिघडल्यावर दुरुस्तही करता येणार नाही. एकदा हाताने करून बघा, मग खुशाल विझार्ड वापरा.

गट कसे पाडू? आमच्याकडे माणसं पाचच आहेत.

पाच असली तरी गटच करा, माणसाच्या नावावर थेट परवानगी देऊ नका. दिवाळीनंतर पोरगा काम सोडून जातो, नवा येतो. गट असेल तर जुनं नाव काढून नवं गटात घातलं की काम होतं.

विझार्डमध्ये सात तयार गट मिळतात. त्यातला मला सगळ्यात आवडणारा न्यू डेटा यूजर्स. त्यातला माणूस नोंद वाचू शकतो, नवी करू शकतो, पण एकदा जतन झालेली नोंद बदलू किंवा पुसू शकत नाही. काट्यावर बसणाऱ्यासाठी हाच. शेतकऱ्याचे कट्टे उतरले, वजन आलं, पोराने ४० कट्टे आणि क्विंटलचा आकडा टाकला, पुढच्या ओळीवर गेला, की ती नोंद त्याच्या हातातून सुटली. वहीवर शाईने लिहिल्यासारखं.

याचा त्रासही आहे, तो आधीच सांगतो. २३.४० च्या जागी २४.३० टाकलं आणि एंटर मारलं, तर त्याला मुनीमजींना हाक मारावी लागते. पहिल्या आठवड्यात मुनीमजी वैतागतात. एका ठिकाणी तर त्यांनी तिसऱ्याच दिवशी स्वतःचा पासवर्ड पोराला सांगून टाकला, म्हणजे सगळं मुसळ केरात. मालकाला आधी बसवून सांगा की दुरुस्तीसाठी उठून जावं लागणार आहे, आणि ते तसंच हवं आहे.

मुनीमजींना फुल डेटा यूजर्स द्या. सगळी माहिती बदलता येते, टेबल-फॉर्मची रचना मोडता येत नाही. मालकाच्या मुलाला, जो पुण्याहून सुट्टीत येऊन ‘जरा बघतो’ म्हणतो, त्याला रीड-ओन्ली. हे गमतीने लिहिलेलं नाही.

एकाला मी स्वतः परवानगी काढली, तरी त्याला दिसतंयच. असं का?

कारण ती परवानगी त्याला कुठल्या ना कुठल्या गटातून मिळतेय. माणसाच्या स्वतःच्या परवानग्या आणि त्याच्या सगळ्या गटांच्या परवानग्या यांची बेरीज होते, वजाबाकी कधीच होत नाही. पहिला संशय यूजर्स गटावर घ्या.

शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक काट्यावरच्या पोराला दिसायला नको. पण नाव-गाव तर लागतं.

टेबलावरची त्याची परवानगी पूर्ण काढा. मग मालकाच्या नावाने एक क्वेरी करा, तिच्यात फक्त नाव, गाव आणि खातेवहीचं पान घ्या. क्वेरीच्या गुणधर्मांत ‘रन परमिशन्स’ असतं, तिथे ‘ओनर्स’ निवडा. आता पोराला क्वेरीची परवानगी द्या. टेबल त्याला उघडत नाही, क्वेरी मात्र मालकाच्या हक्काने चालते आणि तेवढेच रकाने दाखवते. अशी क्वेरी नंतर बदलून जतन करायची तर ती मालकाच्याच नावाने आत येऊन करावी लागते.

नुसतं फॉर्मवरून तो रकाना लपवला तर चालेल का, असंही विचारतात. नाही चालत. शिफ्ट दाबून फाईल उघडली की सुरुवातीचा मेनू टळतो आणि मागची टेबलं समोर येतात. परवानगी टेबलाची काढावी लागते.

पट्टी कोणी बदलली ते कळेल का?

आपोआप नाही. एमडीबीत तशी सोयच नाही. पण प्रत्येक नोंदीत दोन रकाने वाढवा, कोणी आणि कधी. फॉर्मच्या बिफोर अपडेट (नोंद जतन होण्याआधीच्या) घटनेत करंटयूजर हे फंक्शन आणि त्या क्षणाची तारीख-वेळ त्या रकान्यांत लिहा. करंटयूजर म्हणजे ज्या नावाने आत आला तो. सिक्युरिटी लावलेली नसेल तर हे फंक्शन सगळ्यांना अ‍ॅडमिनच म्हणतं, म्हणून आधी वरचं सगळं.

कोणी थेट टेबल उघडून आकडा बदलला तर ही नोंद होत नाही. परत तेच, टेबल बंद आणि फॉर्मला मालकाच्या हक्काची क्वेरी.

या दोन रकान्यांचा मला झालेला फायदा चोर पकडण्याचा नाही. एका पट्टीत हमाली दोनदा कापली गेली होती, शेतकरी समोर उभा, दुकानात सगळे एकमेकांकडे बघतायत. नाव-वेळ पाहिली तर एकाने सकाळी कापली होती, आणि मधे लाईट गेल्यावर दुसऱ्याने दुपारी परत. दोघांचंही मनापासून. दोन मिनिटांत पैसे परत दिले.

पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघा, मराठी कीबोर्ड लागलेला असतो. आत्ताच कुणीतरी गावाचं नाव मराठीत टाकलेलं असतं. पासवर्डच्या चौकटीत चांदण्या दिसतात, त्यामुळे ‘र’ पडतोय की ‘आर’ हे कळत नाही. दुसरं, कॅप्स लॉक. पासवर्डमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरतात, नावात धरत नाहीत. म्हणून नावं आणि पासवर्ड इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत ठेवा, पासवर्डला मर्यादा १४ अक्षरांची आहे.

खरंच विसरला असेल तर अ‍ॅडमिन्स गटातला माणूस तो पुसून कोरा करू शकतो. जुना काय होता ते त्यालाही दिसत नाही.

कम्प्युटरवाल्याने फॉरमॅट मारला. एमडीबी आहे, एमडीडब्ल्यू गेली.

तो कागद काढा. नाव, संस्था, वर्कग्रुप आयडी अक्षर न अक्षर तेच टाकून नवी एमडीडब्ल्यू केली आणि त्यात यूजर आणि गट त्याच नावाने, त्याच पर्सनल आयडीने परत केले, तर खुणा तंतोतंत जुळतात आणि फाईल त्यांना ओळखते. पासवर्ड नवे द्यावे लागतील, तेवढंच.

कागद नसेल तर खिशातली ती जुनी प्रत काढायची आणि मधल्या नोंदी छापील पट्ट्यांवरून परत टाकायच्या. एका दुकानात तो कागद लक्ष्मीपूजनाच्या वहीत ठेवलेला सापडला. तेव्हापासून मी सगळ्यांना तीच जागा सांगतो, कारण मोंढ्यात ती वही कुणी टाकत नाही. एमडीडब्ल्यूची प्रतही एमडीबीच्या प्रतीसोबत घेत चला.

दुकानात तीन कम्प्युटर आहेत. प्रत्येकावर वर्कग्रुप जोडत बसू का?

नका जोडू. जोडलं की त्या कम्प्युटरवरची अ‍ॅक्सेसची दुसरी प्रत्येक फाईलही पासवर्ड मागायला लागते. त्यापेक्षा डेस्कटॉपवर शॉर्टकट करा. त्याच्या टार्गेटमध्ये आधी अ‍ॅक्सेसचा पूर्ण पत्ता, मग एमडीबीचा पत्ता, मग तिरकी रेघ (/) आणि तिला लागून डब्ल्यू-आर-के-जी-आर-पी ही अक्षरं, मग एमडीडब्ल्यूचा पत्ता. तिन्ही पत्ते दुहेरी अवतरणात, मधे मोकळी जागा.

टेबलं एका फाईलमध्ये मुख्य कम्प्युटरवर, आणि फॉर्म-रिपोर्टची फाईल प्रत्येकाकडे वेगळी, असं करा. दोन्ही फाईली एकाच एमडीडब्ल्यूने बांधलेल्या पाहिजेत.

हे फुटत नाही ना?

फुटतं. एमडीबीचे पासवर्ड काढून देणारे प्रोग्राम बाजारात फार वर्षांपासून आहेत. शिवाय जिथे टेबलांची फाईल ठेवलीय, त्या फोल्डरमध्ये प्रत्येकाला लिहायची-पुसायची मुभा द्यावीच लागते, कारण फाईल उघडली की अ‍ॅक्सेस तिथे एक एलडीबी फाईल तयार करतं आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसतं. म्हणजे ज्याला टेबलही उघडता येत नाही, तो माणूस विंडोजमधून अख्खी फाईल उचलून नेऊ शकतो किंवा डिलीट करू शकतो.

म्हणून माझं मत सांगतो. दुकानातल्या दुकानात चुका होऊ नयेत, ज्याचं त्याने बघावं, एवढ्यासाठी ही व्यवस्था चांगली. मन लावून चोरी करणाऱ्यासाठी ती नाही. आधार क्रमांक, बँक खाती असलं काही ठेवत असाल तर पुढचा प्रश्न वाचा.

आमची फाईल एसीसीडीबी आहे. त्यात ही सोय सापडत नाही.

कारण ती नाहीच. अ‍ॅक्सेस २००७ सोबत एसीसीडीबी आली आणि तिच्यातून यूजर-लेव्हल सिक्युरिटी काढून टाकली. जुनी एमडीबी एसीसीडीबीत बदलली तर तुम्ही रात्र जागून लावलेल्या सगळ्या परवानग्या गळून पडतात, आणि फाईल सगळ्यांना सारखी उघडी होते. बदलण्याआधी हे मालकाच्या कानावर घाला. ऑफिस २००३ ची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवली, तेव्हा जुन्यावरच बसून राहा असंही मी म्हणणार नाही.

एसीसीडीबीत पासवर्ड देऊन फाईल एन्क्रिप्ट करता येते. ते एन्क्रिप्शन जुन्या एन्कोडपेक्षा कितीतरी पक्कं आहे, पण किल्ली पुन्हा सगळ्यांना एकच. स्वतःचा लॉगिन फॉर्म करून देणारे बरेच आहेत, मीही दिलेत. तो दाराला लावलेला पडदा आहे, दार नाही.

माणसागणिक कुलूप खरंच हवं असेल तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमध्ये न्या. ते फुकट मिळतं, मुख्य कम्प्युटरवर बसतं, आणि तुमचे अ‍ॅक्सेसचे फॉर्म-रिपोर्ट तसेच त्याला जोडता येतात. तिथे फाईल कुणाच्या हातात जात नाही, प्रत्येकजण सर्व्हरकडे मागतो आणि सर्व्हर परवानगी बघून देतो. एकच विनंती, हे काम हरभरा संपल्यावर, पेरणीच्या आधी काढा. दसऱ्यानंतर मोंढ्याबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना मला बोलावू नका.

सगळं काढून पहिल्यासारखं करायचं आहे. कसं?

मालकाच्या नावाने आत या. यूजर्स गटाला डेटाबेससकट प्रत्येक गोष्टीच्या सगळ्या परवानग्या द्या. अ‍ॅडमिनला परत अ‍ॅडमिन्स गटात घाला आणि त्याचा पासवर्ड कोरा करा. अ‍ॅक्सेस बंद करून परत उघडा, आता ते नाव न विचारता अ‍ॅडमिन म्हणून आत घेईल. कोरा डेटाबेस करा, सगळं इम्पोर्ट करा. मालकी पुन्हा अ‍ॅडमिनकडे आली.

मग फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन त्या दुसऱ्या कम्प्युटरवर जा आणि डबल क्लिक करा. या वेळी पासवर्ड न विचारता उघडली पाहिजे.